काकांचा नवस आणि माझ्या हातचे रोडगे

आधी तीन नावं लिहितो, मग बाकीचं. नामदेवकाका, पार्वताकाकू आणि त्यांचा पुतण्या अंबादास. ही तिघं नसती तर ते दोन दिवस मी खोलीवर पांघरूण घेऊन काढले असते. त्यातही पहिलं नाव नामदेवकाकांचं. त्यांनी माझ्यावर जे काम टाकलं, ते टाकायची हिंमत माझ्या घरच्यांनीही कधी केली नव्हती. त्यात घरच्यांचा दोष नाही, मी माणूसच तसा.

मी इचलकरंजीचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला छातीत असं धडधडायला लागलं की कोरा पेपर बाकावर ठेवून घरी आलो, तो परत गेलोच नाही. पुढच्या आठवड्यात मागावर उभा राहिलो. पंचवीस वर्षं मागावर काढली, मग ते माग बंद पडले आणि ओळखीनं यवतमाळजवळच्या एका सूतगिरणीत काम लागलं. काम असं, की लांबच लांब मशीनवर शेकडो चात्या, म्हणजे सूत गुंडाळून घेणाऱ्या काड्या, फिरतात, त्यातला धागा तुटला की धावत जाऊन जोडायचा. एक जोडेपर्यंत पलीकडं दोन तुटतात. पाळी संपली तरी बोटं चालूच राहतात. कुलूप लावलं का ते मी तीनदा बघतो, गॅस चारदा. असा माणूस.

आठ महिने यवतमाळ जिल्ह्यात राहून मी जिल्हा पाहिला नव्हता. गिरणीचं फाटक, खाणावळ, खोली, बस्स. डिसेंबरात मशीनच्या दुरुस्तीसाठी शनिवार-रविवार गिरणी बंद राहणार असं कळलं. शेजारच्या मशीनवरचा अंबादास म्हणाला, "चाल नं आमच्या गावाले. काकाचा डोयाचा नवस हाय. शेतात रोडगे आहेत."

"रोडगे म्हणजे काय?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, की मी पाणी म्हणजे काय असं विचारलंय.

परत आल्यावर इचलकरंजीला घरी फोनवर हे सगळं सांगितलं तर थोरला भाऊ म्हणाला, "नीट लिहून पाठव, आम्ही काय तिकडं येणार हाय?" म्हणून लिहितोय. चुका असतील तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्याव्यात.

शनिवार सकाळ, पऱ्हाटीत

घाटंजीपर्यंत एसटी, तिथून पुढं अंबादासच्या चुलतभावाची मोटारसायकल, तिघं बसून. त्या प्रवासाचं काही लिहीत नाही, कारण सगळा वेळ मी डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा समोर शेत होतं.

मी आयुष्यभर सुताच्या धुरळ्यात राहिलेला माणूस. नाकात सूत, केसात सूत, जेवणात सूत. पण कापूस झाडावर कसा असतो ते मी चाळिशीला टेकल्यावर पहिल्यांदा पाहिलं. काळी माती, तिला भेगा, त्यात कमरेएवढी पऱ्हाटी. कापसाच्या झाडाला इकडं पऱ्हाटी म्हणतात. बोंडं उकललेली आणि प्रत्येकातून कापूस बाहेर लोंबतोय. मधूनमधून तुरीच्या ओळी, लांब सागाच्या टेकड्या. आमच्याकडं उसात शिरलेला माणूस दिसेनासा होतो, हाक मारली तरी कुठून ओ आली कळत नाही. इथं दहा बायका वेचत होत्या आणि दहाही डोकी दिसत होती. बोलणं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललेलं, मध्ये थांबायचं, परत सुरू व्हायचं, कुणालाच घाई नाही.

पार्वताकाकू त्यातल्याच एक. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. पाहुणा म्हणून मला बांधावर बसवायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, मलाही वेचू द्या. बोटं चालतात माझी."

"चालते का? मंग घे," म्हणून त्यांनी माझ्या कमरेला फडक्याची झोळी बांधून दिली.

मी सुटलोच. दोन्ही हातांनी ओरबाडायला लागलो. तासाभरात माझी झोळी काकूंच्या झोळीच्या दुप्पट भरली. मनात म्हटलं, बघा म्हणावं इचलकरंजीची बोटं. काकूंनी माझी झोळी सोडून बारदानावर ओतली. खाली वाकल्या आणि दोन बोटांनी एकेक वेगळं करायला लागल्या. वाळका पाला. बोंडाची टरफलं. अर्धवट उकललेली पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस. एक अख्खा किडा.

"भाऊ, हे असं गिरनीत आलं तं तिथं कोन निवडते?"

"मशीन निवडतं थोडं. राहिलेल्यानं धागा तुटतो."

"मंग तुमी काय करता?"

"काय करणार, जोडतो. आणि वेचणाऱ्याला शिव्या देतो."

"दे मंग आता सोतालेच," काकू म्हणाल्या, आणि आख्ख्या शेतातल्या बायका हसायला लागल्या.

पुढचा दीड तास मी बारदानावर मांडी घालून माझाच कापूस निवडत बसलो. पहिली पंधरा मिनिटं लाज वाटली. मग लाज कुठंतरी गेली. हातातला कापूस ऊन धरून बसलेला होता. मग काकूंनी शेजारी उभं राहून वेचायला शिकवलं. बोंड डाव्या हातात धरायचं, उजव्याच्या तीन बोटांनी पाकळ्यांतला कापूस एका ओढीत काढायचा, न उकललेल्याला हात लावायचा नाही. "त्याले अजून चार दिवस लागते. तुले लागत असन घाई, त्याले नाही."

दुपारी लिंबाखाली जेवण. इकडं कडुलिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. ज्वारीची भाकर, बेसन, म्हणजे आपलं पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा. गिरणीत जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली दहा हात धुण्यात आणि रांगेत जातात. त्या सवयीनं मी चार घासांत दोन भाकरी संपवल्या आणि हात धुऊन उभा राहिलो. सगळ्या बायकांची पहिली भाकर अजून अर्धी होती.

"आवडलं नाही का गा?" काकूंनी काळजीनं विचारलं.

"आवडलं की! झालं माझं."

"जेवला का गियला?" एक म्हातारी म्हणाली. "बस खाली. आमचं व्हयेपर्यंत बस."

बसलो. कुणाच्या पोरीला स्थळ आलंय, कुणाची गाय व्यायली, बोरी अरब गावाला दिलेली कुणाची नणंद कशी आहे, हे सगळं ऐकत. अर्धा तास मी काहीही न करता बसलो होतो, हे मला उठताना लक्षात आलं.

शनिवार, दिवस मावळताना, बाजेभोवती

नामदेवकाकांची भेट संध्याकाळी झाली. अंगणात बाजेवर बसलेले, पांढरं धोतर, आणि डोळ्यांवर हा एवढा मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, की धुरात जायचं नाही, आगीपाशी जायचं नाही, खाली वाकायचं नाही.

आणि हीच तर अडचण होती. काकांनी ऑपरेशनच्या आधी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवाला बोलून ठेवलं होतं, डोळा नीट झाला तर तुझ्या पुढ्यात गावाला रोडगे घालीन. डोळा नीट झाला. रविवार ठरला. साठ माणसांना सांगून झालं. आणि त्या गावात तीस वर्षं कुणाच्याही शेतात रोडगे असले, तरी आगीपाशी बसायला एकच माणूस बोलवायचे, ते म्हणजे नामदेवकाका.

रोडगे कसे असतात ते आता लिहितो. कणकेच्या छोट्या पोळ्या लाटायच्या, तेलाचं बोट लावून एकावर एक ठेवायच्या, आणि शेवटी मोठ्या पोळीत गुंडाळून मुठीएवढा गोळा करायचा. तो गवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकायचा, मग गरम राखेत दाबून ठेवायचा. लाटायचं काम बायका करतात, ते अवघड नाही म्हणतात. सगळा खेळ निखाऱ्याचा. इकडं त्या निखाऱ्याच्या थराला आर म्हणतात. आर कच्ची असली तर रोडग्याला धुराचा वास लागतो. जास्त तापली तर वरून कोळसा आणि आत पीठ. आणि एकदा बिघडला, की तो परत नीट होत नाही.

बाजेभोवती दहाबारा माणसं जमली होती. प्रत्येकजण म्हणत होता मी बसतो.

"मी बसतो नं काका," अंबादास म्हणाला.

"तू मागच्या साली मी नव्हतो तवा बसला होता," काका म्हणाले. "गावानं दोन दिवस धुराचे ढेकर देल्ले."

"थांबा नं मंग पंधरा दिवस," शेजारच्या शेताचे सुदामभाऊ म्हणाले. हे मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे. "चष्मा उतरला की करा. देव काय पयून चालला का?"

"देवानं डोया द्याले पंधरा दिवस लावले का? मंग मी काहून लावू?"

"मंग मी बसतो. लहानपनापासून रोडगे खाऊन राह्यलो."

"खाऊनच राह्यला नं," आतून पार्वताकाकूंचा आवाज आला.

हशा झाला. मी एका कडेला ओट्यावर बसून चहा पीत होतो. काकांनी चष्मा माझ्या दिशेला फिरवला. मला ते नीट दिसत तरी होते की नाही, देव जाणे.

"तो गिरनीवाला पाहुना कुठं हाय? तुमी बसान का?"

मी बशी खाली ठेवली. "काका, मी रोडगा अजून डोळ्यानं पाहिलासुद्धा नाही."

"म्हनूनच म्हनतो. हे सारे मोठ्ठे जानकार आहेत. यायले मी एक सांगीन, हे दुसरं करतीन. तुमाले काहीच येत नाही, म्हंजे मी सांगीन तेच करान."

"पण बिघडलं तर? साठ माणसं, देवाचं काम…"

"भेव वाटून राह्यलं?"

"वाटतंय की."

"चांगलं हाय. ज्याले भेव वाटते तो आरीवरची नजर हालवत नाही. ज्याले नाही वाटत तो बिड्या फुकत बसते." हे शेवटचं अंबादासकडं बघून.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. पण बोलणं पुढं गेलं, आणि सगळ्यांनी ते ठरलं असं धरून टाकलं. अंबादासला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी घाटंजीला जायला पहिली गाडी कितीला आहे. तो म्हणाला, "काकाले सांगून जा मंग." तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. पळून जायलासुद्धा थोडी हिंमत लागते.

रविवार, धुऱ्यावर

सकाळी नऊला आम्ही शेतात. धुऱ्यावर लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड, तोच देव. एका बाजूला बायका परातीत जाडसर कणीक मळत होत्या, ओवा टाकलेली. दुसऱ्या बाजूला तीन दगडांवर वांग्याची भाजी चढलेली. पंचवीस पावलांवर वाऱ्याच्या वरच्या अंगाला काकांची बाज टाकली होती. ते तिथून बोलणार आणि मी इथं करणार, असा बेत.

"गवरी वाजवून पाहाजो!" काकांनी पहिली आज्ञा सोडली.

म्हणजे एक गवरी दुसरीवर आपटायची. वाळलेली टणकन वाजते, ओली भद्द. भद्द वाजलेल्या अकरा गवऱ्या मी बाजूला काढल्या. गेल्या वर्षी अंबादासनं हेच केलं नव्हतं. मग हातभर रुंद आणि दोन बाजांएवढी लांब रास रचली, खाली वाळक्या पऱ्हाट्या, आणि पेटवली.

"ज्वाय हाय का?"

"हाय, काका. कमरेएवढी."

"बसून राहा."

थोड्या वेळानं, "धूर हाय का?"

"हाय."

"बसून राहा."

मला बसवेना. माझे हात आपोआप काठीकडं जायचे. एकदा फुंकायला वाकलो तर पंचवीस पावलांवरून आवाज आला, "फुकू नको!" काळ्या चष्म्यातून त्यांना कसं कळलं ते अजून मला माहीत नाही. काकू म्हणाल्या, माणसाचा श्वास ऐकू येतो त्यांना. असेलही.

तासभर गेला. जाळ बसला, धूर संपला, गवऱ्या आतून लाल आणि वरून पांढऱ्या झाल्या. काकांनी विचारलं, "हात धरून पाहा. किती मोजता येते?" निखाऱ्यावर वीतभर वर तळवा धरून मी मोजायला लागलो. चारला चटका बसला.

"पाच व्हाले पाह्यजे."

परत बसलो. पुढच्या वेळी पाच झाले. मग रोडगे एकाशेजारी एक मांडले. एकशे चाळीस.

लगेच एक चूक केली. काकांनी सांगितलं होतं, रोडगा आपणहून सुटतो, तोवर पलटायचा नाही. पण एक कडेचा मला करपतोय असं वाटलं आणि मी घाईनं उलटला. त्याचं कातडं निखाऱ्याला चिकटून फाटलं. घाबरून शेजारचा बघितला, तोही फाटला. मग तिसरा.

"फाटला का एखादा?" काका.

खोटं बोलावंसं वाटलं. "तीन फाटले, काका."

"सांगतलं हे बरं केलं. ते तीन बाजूले ठेव, आपन दोघं खाऊ."

त्यानंतर माझ्या हाताला जरा उमज आली. रोडगा सुटेपर्यंत थांबायचं, सुटला की पलटायचा. कालच्या बोंडासारखंच. सगळे पलटून झाले, चारी बाजूंनी तांबूस झाले, मग फावड्यानं वरून गरम राख लोटून सगळे झाकून टाकले. आता ते राखेच्या आत शिजणार आणि मला काहीच दिसणार नाही.

आणि नेमका तेव्हाच वारा फिरला.

टेकडीकडून येणारा वारा एकदम उलटा वाहायला लागला. भाजीच्या चुलीचा सगळा धूर सरळ बाजेवर. काका खोकायला लागले, काकू पदर सावरत धावल्या, "उठा, उठा, डोया जाईन!" आणि दोघातिघांनी त्यांना धरून पार पलीकडं, विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत नेऊन बसवलं. जाताना ते काही सांगतील म्हणून मी बघत होतो. ते खोकतच गेले.

आता मी, एकशे चाळीस रोडगे, आणि हळूहळू पत्रावळी घेऊन बसायला लागलेली साठ माणसं.

अर्ध्या तासात सुदामभाऊ आले. राखेजवळ उकिडवे बसले, वास घेतला. "झाले. काढा."

"काकांनी सांगितल्याशिवाय नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"काका गेले तिकडं. लोकं उपाशी बसले इकडं. वास पाहा नं, खरपूस सुटला."

अंबादासही आला. "काढून टाक यार. म्हतारे लोक आहेत, किती येळ बसतीन?"

"तू काकांना विचारून ये," मी त्याला म्हणालो. तो धावत गेला. तो येईपर्यंत सुदामभाऊंनी काठी उचलली आणि राख उकरायला पुढं झाले. मी काय केलं ते मला आठवतं, पण कसं केलं ते नाही. मी राखेच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो. माझी छाती सातवीतल्या त्या दिवसासारखीच धडधडत होती. फरक एवढाच की पाय हलले नाहीत.

"भाऊ," मी म्हणालो, "एक काढतो. तुमच्यासमोर फोडतो. झाला असेल तर सगळे काढा, मी बाजूला होतो."

एक काढला, राख झाडायला बोटानं ठोकला, मग फोडला. वरून सोन्यासारखा. आत मधोमध ओली, चकचकीत कणीक.

सुदामभाऊंनी बोट लावून बघितलं. "हे तं कच्चं हाय."

"म्हणूनच म्हणतोय."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला, काठी टाकली, आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. एवढ्यात अंबादास धापा टाकत आला.

"काय म्हणाले काका?"

"काका म्हनते, त्याले इचार त्याले काय वाटते."

बस्स. एवढंच. मी तीनदा विचारलं, आणखी काही म्हणाले का. नाही म्हणाला.

मग मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मी काहीच केलं नाही. राखेसमोर बसून राहिलो. सुदामभाऊ आपल्या मारेगावला दिलेल्या लेकीबद्दल बोलायला लागले, तिला फोनवर बोलायला वेळ नसतो म्हणून. मी ऐकत होतो. वारा सळसळत होता, तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या, साठ माणसं गप्पा मारत होती. कुणी ओरडलं नाही. लोक माझी वाट बघू शकतात, हे मला माहीतच नव्हतं.

बऱ्याच वेळानं एक रोडगा काढला. या वेळी फोडला नाही. राख झटकली आणि बोटाच्या पेरानं ठोकला. मगाशी फोडण्याआधी कच्चा ठोकला होता, तो मातीच्या ढेकळासारखा मुका होता. हा वाजला. आतून पोकळ, हलका आवाज. गिरणीत शेकडो चात्यांच्या गोंगाटात एक चाती बिघडली तर मला तिचा आवाज वेगळा कळतो, तसं हे कळलं. मी दुसऱ्या टोकाचा काढून ठोकला. तोही वाजला. मधला. तोही. आणि त्या मधल्याला वरून बारीक तडा गेला होता, आतल्या पापुद्र्यांतून वाफ येत होती.

"काढा!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं मी आधी कधी ओरडलो होतो, आठवत नाही.

मग जी धांदल झाली ती लिहायला जमणार नाही. पोत्यात रोडगे भरायचे, दोघांनी दोन टोकं धरून हलवायचं, म्हणजे राख झडते. सुदामभाऊ आणि मी एका पोत्याला. पहिले पाच देवाला. मग पंगत. मुठीनं रोडगा फोडला की पापुद्रे सुटे होतात, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी, वरण. आमच्या तांबड्या रश्श्याची मला फार घमेंड होती. तो आहेच चांगला. पण या वांग्याच्या भाजीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

काकांना हाताला धरून आणलं. वारा पडला होता. त्यांच्या पत्रावळीवर एक रोडगा ठेवला. त्यांनी तो उचलला, कानाशी नेला, पेरानं ठोकला. फोडला. वास घेतला. एक पापुद्रा काढून तोंडात टाकला आणि चावत राहिले. मला वाटलं वर्ष गेलं.

"पार्वते," ते म्हणाले.

"काय?"

"तूप आन अजून. अन् दुसरा आन."

एवढंच म्हणाले. पण काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि अंबादासनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी पुढच्याच्या पत्रावळीवर पडता पडता वाचलो. सुदामभाऊ चौथा रोडगा फोडत शेजारच्याला सांगत होते, "मी म्हटलंच होतं यायले, अजून थोडा येळ ठेवा म्हनून." मी पाचवा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पोतं फार चांगलं हलवलं होतं.

ते फाटलेले तीन काकांनी खरंच मागून घेतले. दीड मी, दीड ते. आम्ही दोघांनी ते किती वेळ खाल्ले ते मला सांगता येणार नाही. सगळे हात धुऊन उठले होते, बायका भांडी घासत होत्या, आणि आम्ही अजून जेवतच होतो.

निघताना

संध्याकाळी गाडीसाठी निघालो तेव्हा काका बाजेवर होते. पाया पडलो. म्हणाले, "गिरनीत जाऊन सांगजो, कापूस साफ येईन आता. तू वेचाले शिकला." आणि वर, "उजवा झाला. डावा उन्हाळ्याच्या आधी कराचा हाय."

गाडीत खिडकीशी बसलो आणि गिरणी येईपर्यंत जागा होतो, डोळे उघडे ठेवून. सोमवारी मशीनवर उभा राहिलो. धागे तुटतच होते. मी एकेक जोडत गेलो, पलीकडं दोन तुटले तरी हातातला आधी नीट जोडत. पाळी संपली तेव्हा मुकादम म्हणाला, आज तुझ्या बाजूचं सूत कमी वाया गेलंय. मी म्हटलं, असेल.

आता शेवटचं. हे काकांना वाचून दाखवायला मी अंबादासला सांगितलंय, म्हणून इथं लिहितो.

काका, डाव्या डोळ्याच्या वेळी दवाखान्यात तुमच्याजवळ मी बसणार. रजा मी आत्तापासून बोलून ठेवतो. डोळ्यात औषध वेळेवर घालणं, हात धरून फिरवणं, धूर दिसला की तुम्हाला उचलून दुसरीकडं नेणं, हे सगळं माझ्याकडं. माझं शिक्षण नाही, पण सांगितलेलं मी ऐकतो, ते तुम्हीच म्हणाला होता. आणि त्या डोळ्याचाही नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, साठाच्या जागी शंभर माणसं सांगा. तुमचं माझ्यावर फार झालंय, ते एका खेपेत फिटायचं नाही. मी येत राहीन.